चाकोरी सोडू नका

गेल्या जुलैत मुळशीतल्या माझ्या मामाच्या गावी गेलो, तेव्हा पाणंदीत गुडघाभर खोल दोन चर पडले होते. आदल्या रविवारी शहरातून आठ-दहा फोर बाय फोर गाड्या येऊन गेल्या होत्या. माझा मामेभाऊ रोज पहाटे त्याच वाटेनं मोटारसायकलवर दुधाचे कॅन नेतो. तो आठवडाभर त्यानं ते खांद्यावरून डांबरीपर्यंत वाहिले.

मी स्वतः सव्वीस वर्षं जुनी एमएम ५४० जीप चालवतो. डोंगरातल्या वाटांवर गाडी घालण्याचा आनंद मला ठाऊक आहे आणि तो कुणाचा हिरावून घ्यावा असं मला वाटत नाही. पण ऑफरोड चालकाचं कसब त्यानं मागे ठेवलेल्या खुणेवरून मोजायला हवं. खूण जितकी पुसट, तितका चालक पक्का.

हे मला घाटात वडाप करणाऱ्या एका म्हाताऱ्या जीपवाल्यानं शिकवलं. अवघड जागा आली की तो आधी खाली उतरायचा, काठीनं चिखलाची खोली बघायचा, दगड कुठं दडलाय ते हेरायचा आणि मगच गाडीत बसायचा. लो गिअर चढाच्या आधीच पडलेला असायचा, कारण मध्यावर गिअर बदलायला गेलं की गाडी थांबते आणि चाकं जागीच फिरू लागतात. चाक फिरलं की पाय काढ, हे त्याचं पहिलं सांगणं. जागच्या जागी फिरणारं चाक फक्त माती उकरतं. टायरमधली हवा ३२ वरून २० पीएसआयच्या आसपास आणली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि पकड वाढते. उतारावर ब्रेकवर उभं न राहता पहिल्या गिअरला इंजिनच्या ओढीनं उतरायचं. या सगळ्याला पैसे लागत नाहीत, धीर लागतो.

आता धीराची जागा सामानानं घेतली आहे. नवी गाडी दारात आली की महिनाभरात तिला लिफ्ट किट, रुंद एमटी टायर आणि विंच बसतं. पण खोल नक्षीचे ते टायर ओल्या मातीत जोरानं फिरले की फावड्यासारखे चालतात. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तिरक्या उतारावर ती लवकर कलंडते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. तशी गरजही नसते. थारला जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची कारखान्यातूनच मिळते, गुरखाला पुढचं-मागचं दोन्ही डिफ लॉक. सह्याद्रीत हौसेनं फिरणाऱ्याला एवढं पुरून उरतं.

भिजलेली माती दाबली गेली की तिच्यातली पोकळी मिटते आणि पाणी मुरत नाही. चर उताराच्या दिशेनं असला तर त्याचाच ओहोळ होतो आणि दर सरीला तो माती खाली नेतो. मग पुढच्या गाड्या चर टाळून कडेनं जातात आणि वाट रुंदावत शेतात शिरते. बैलगाड्यांच्या चाकांनी वर्षानुवर्षं पाडलेली ती चाकोरी. चाकोरीबाहेर जाण्याचं आपण एरवी कौतुक करतो. मातीच्या वाटेवर मात्र चाकोरीत राहणं हाच शहाणपणा आहे.

जांभ्याच्या सड्यांवर तर मातीचा थरच जेमतेम असतो. गेंद, सीतेची आसवं पावसाच्या चार महिन्यांत त्या एवढ्याशा मातीत उगवतात, फुलतात आणि बी टाकून जातात. आंबोलीच्या सड्यावर भेकाची अशी एक जात आहे, जी पहिल्या पावसात साचलेल्या उथळ डबक्यांत अंडी घालते. आपल्याला जे पाणी उडवण्याचं डबकं दिसतं, ते कुणाचं तरी पाळणाघर असतं.

ट्रॅक्टरनं वाट खराब होत नाही का, असं मित्र विचारतात. होते. पण ट्रॅक्टरवाल्याला दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं जायचं असतं, म्हणून तोच ती बुजवतो. आपण संध्याकाळी घरी परततो. २००४च्या श्रावणात माझ्या चाकानं एका खाचराचा बांध फुटला. पाणी वाहून गेलं आणि नुकती लावलेली रोपं उघडी पडली. त्या शेतकरी काकांबरोबर मी दुपारपर्यंत चिखल थापत बसलो. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी मातीच्या वाटेवर गाडी घालत नाही.

हाच नियम सगळ्या ऑफरोड क्लबांनी करावा. पावसाळ्यातला सराव खासगी जागेतल्या आखलेल्या ट्रॅकवर व्हावा. एरवी गावातून जायचं तर आधी ग्रामपंचायतीला विचारावं आणि चार-पाचपेक्षा जास्त गाड्या नेऊ नयेत. नव्या सभासदानं पहिलं वर्ष कंपनीतून आली तशीच गाडी चालवून शिकावं. २०१८च्या महापुरात केरळमधल्या ऑफरोड मंडळींच्या जीप लोकांच्या मदतीला धावल्या होत्या. या कसबाची समाजाला गरज आहे. म्हणूनच गावांशी असलेलं नातं तुटता कामा नये.

पावसानं उघडीप दिल्यावर आम्ही तिघं मित्र, मामेभाऊ आणि त्याचे दोन शेजारी अशा सहा जणांनी ती पाणंद बुजवली. दोन ब्रास मुरूम आणि अख्खा दिवस लागला. चर पाडणाऱ्यांपैकी तिथे एकही नव्हता. पुढच्या वेळी असावा, म्हणून हे लिहिलं.