हलगी बाहेर ठेवा, म्हणे!

माईक धरणारा माणूस निष्पाप असतो असं कुणी सांगितलं तर त्याच्या तोंडावर हसा. बारा वर्षं मी माईक धरतोय. वस्तीत मला कवी म्हणून कमी आणि 'अनाउन्सर' म्हणून जास्त ओळखतात. म्हाताऱ्या बाया तर सरळ 'माईकवाला' म्हणतात. म्हणू देत. खोटं नाही. कवीपेक्षा अनाउन्सरच्या हातात सत्ता जास्त असते हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. कोण आधी, कोण नंतर, कुणाची ओळख दोन मिनिटं आणि कुणाचं नुसतं नाव, कुणाला 'जरा आटपतं घ्या' म्हणून चिठ्ठी पाठवायची, हे सगळं त्याच्या खिशातल्या यादीत असतं. गावात पाणी कुणी आधी भरायचं ह्याची यादी कुठं लिहून लावलेली नव्हती. पण सगळ्या गावाला पाठ होती. माईकची यादी तिचीच धाकटी बहीण.

हल्ली मुंबई-पुण्यात कवितेचा नवा बाजार भरतो. कॅफेत भरतो. ओपन माइक, स्पोकन वर्ड, स्लॅम अशी नावं. ऐकणाऱ्यानं तिकीट काढायचं, बऱ्याच ठिकाणी कवीनंही नाव नोंदवायला पैसे मोजायचे, आणि मधल्यानं दोन्हीकडून गल्ला भरायचा. वर व्हिडिओ मधल्याचाच. कवीला काय, तर 'एक्स्पोजर'. आमच्या बापजाद्यांनाही काम करून घेऊन भाकरतुकडा मिळायचा, त्याला बलुतं म्हणायचे. बलुत्यात निदान पोटात काहीतरी जायचं.

मी तिथं जातो. दहा-वीस वेळा गेलोय. तिथली सगळीच पोरं दीडशहाणी नाहीत. काही जीव तोडून लिहितात, काहींना खरोखरच ऐकावंसं वाटतं. माझं भांडण त्या पोरांशी नाही. यादी करणाऱ्याशी आहे. म्हणजे माझ्याच धंद्यातल्या माणसाशी.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतला एक पोरगा अशाच एका ठिकाणी हलगी घेऊन गेला. नाव नोंदवलेलं, पैसे भरलेले. दारात सांगितलं, वाद्य आत नेता येणार नाही. का? तर 'इंटरनॅशनल फॉरमॅट' आहे. तीन मिनिटं, एक माणूस, एक माईक, वाद्य नाही. हलगी बाहेर ठेवा. पोरगा परत आला. कविता म्हटली नाही. मला येऊन म्हणाला, "दादा, हलगी भाईर ठिवायची म्हंजी मला भाईर ठिवल्यागतच की." ह्याच्यावर मी काय बोलणार?

बोलतो ते त्या फॉरमॅटवाल्यांशी. बाबांनो, ज्या फॉरमॅटचं नाव घेता तो कुणी काढला, कशासाठी काढला, एवढं तरी वाचा. स्लॅम सुरू केला शिकागोत, मार्क स्मिथ नावाच्या माणसानं. बांधकामावर काम करणारा माणूस. १९८४ मध्ये एका छोट्या बारमध्ये त्यानं कवितेची संध्याकाळ सुरू केली, १९८६ पासून ती ग्रीन मिल नावाच्या जुन्या बारमध्ये नेली. प्राध्यापकांच्या ताब्यातली, खाली मान घालून पुटपुटली जाणारी कविता त्यानं दारू प्यायला बसलेल्या माणसापुढं आणून उभी केली आणि त्या माणसाच्या हातात गुण द्यायची पाटी दिली. पाच परीक्षक, तेही प्रेक्षकांतनंच उचललेले. शून्य ते दहा गुण. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा टाकून द्यायचा, मधल्या तिघांची बेरीज. पुढं देशभर स्पर्धा सुरू झाल्या तसे नियम घट्ट झाले. तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, त्यापुढं गुण कापायचे. वेश नाही, वस्तू नाही, वाद्य नाही. आणि सुरुवातीला एक कवी असा उभा करायचा की जो स्पर्धेत नाही. परीक्षकांचा हात बसावा म्हणून त्याच्यावर गुण देऊन बघायचे. त्याला ते बळीचा कवी म्हणतात. (हे वाचल्यावर मला उगाच वाटलं, हा माणूस मी कुठंतरी पाहिलाय. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या संमेलनांत आपल्याला ह्याच कामाला बोलावतात.)

तर वाद्य नाही हा नियम शर्यतीचा. एकाकडं बँडबाजा आणि दुसऱ्याकडं नुसता गळा, अशी लढत होऊ नये म्हणून. ज्या कॅफेनं आमच्या पोराला दारात अडवलं तिथं त्या संध्याकाळी शर्यतच नव्हती. गुण नव्हते, परीक्षक नव्हते. उरला होता फक्त नियम, आणि तो लावायला समोर आलेला पहिला माणूस.

आणखी मागं जा. स्लॅमच्या आधी, १९६८ मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लास्ट पोएट्स उभे राहिले. काळी पोरं, बोललेली कविता, आणि शेजारी कोंगा ढोल. बाहेर नाही, शेजारी. ज्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच उठावाच्या हवेत वाढलेली ही कविता. स्पोकन वर्डचा वंश सांगायचा तर तो चामड्याच्या वाद्यापाशी जातो. तुमच्या कॉफी मशीनपाशी नाही.

आणि आपल्याकडं? आपल्याकडं बोललेली कविता कुणी विमानानं आणलेली नाही. जोतिबांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्याच्या पोटी सत्यशोधक जलसे आले. तमाशाचा साचा घेतला, आतला माल बदलला. पुढं भीमराव कर्डकांसारख्या माणसांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या कानात चळवळ ओतली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक शाळेत गेले नव्हते. २००४ मध्ये वारले तेव्हा त्यांची गाणी लाखांच्या तोंडी होती. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. म्हणजे फडावर उभं राहणाऱ्या शाहिरानं. आपल्या लिहिलेल्या साहित्याचं दार बोलणाऱ्या माणसानं उघडलंय. हे ज्यांना माहीत नाही ते आम्हाला 'परफॉर्मन्स' शिकवायला निघालेत.

तीन मिनिटांत आमचा शाहीर नुसता आवाज लावतो. मागचे झीलकरी 'जी जी रं जी' करतात ते काय सजावट म्हणून? एक सांगतो आणि चारजण ते उचलून धरतात. बोलणारा एकटा नाही हे समोरच्याला कळावं म्हणून. एक माणूस, एक माईक, एक दिवा हा फॉरमॅट ज्याला एकटं राहणं परवडतं त्याच्यासाठी ठीक आहे. वस्तीतला माणूस एकटा बोलला तर काय होतं ते आम्ही पाहिलंय.

हलगीवरनं आमच्यातही भांडण आहे, ते लपवत नाही. हलगी गावकीची. मयताला वाजवायची, जत्रेला वाजवायची, पाटलाच्या दारात वाजवायची. बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा कित्येकांनी ती वाद्यंही टाकून दिली. आमच्या विहारातले एक आजोबा अजून हलगीचा आवाज आला की उठून बाहेर जातात. म्हणतात, "माझ्या बापाच्या पाठीवरचा आवाज हाय त्यो." त्यांच्या रागापुढं मी मान खाली घालतो. मांगवाड्यातला पोरगा म्हणतो, "आजा, हेच माझं अक्षर हाय." त्याच्यापुढंही खाली घालतो. हे भांडण आम्ही घालू, वर्षानुवर्षं घालू, त्यातनं काय ते ठरवू. ठेवायची की टाकायची हे ठरवणारा कॅफेचा मॅनेजर कोण?

बरं, वाद्य नसेल तर आत घेतात. कसं घेतात ते सांगतो. एप्रिलमध्ये घेतात. एक. एका संध्याकाळी एकच. पंधरा कवींत एक आपला. ओळख करून देताना बाकीच्यांना सांगतात, हा गझल लिहितो, ही शहरावर लिहिते, ह्याची उपमा बघा. आपली वेळ आली की निवेदकाचा आवाज खर्जात जातो, चेहरा दुःखी होतो, आणि "वेदनेतून आलेला आवाज" असं काहीतरी म्हणून तो बाजूला सरकतो. अरे, तू माझी कविता वाचलीस का? त्यात एक विनोद आहे. त्यात एक बाई नवऱ्याला लोकलमध्ये शोधते आणि दुसराच माणूस तिला आवडतो. वेदना कुठं बघितलीस तू? माझ्या आडनावात?

कविता झाली की कुणीतरी येऊन हात दाबतो. "किती रॉ आहे!" रॉ म्हणजे कच्चं. सहा महिने एकेका ओळीवर बसलो, आठवेळा खोडली, 'पानी' लिहू का 'पाणी' यावर रात्र काढली आणि मुद्दाम 'पानी' ठेवलं, आणि हे म्हणतात कच्चं. म्हणजे आमच्या चुलीवर काही शिजतच नाही, असंच ह्यांना वाटत असणार.

आणखी एक शब्द त्यांच्या तोंडी सारखा असतो, 'बेधडक'. कुणी प्रेयसीचं नाव घेतलं की बेधडक. कुणी शिवी घातली की बेधडक. घाला बापडे. फक्त आमच्याकडं त्या शब्दाचा भाव काय आहे तेवढं ऐकून ठेवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. २ एप्रिल २०१३ ला कबीर कला मंचाच्या शीतल साठे विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाल्या तेव्हा त्या गरोदर होत्या. गुन्ह्याचं कलम मोठं होतं, हातात डफ होता. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना एल्गार परिषदेच्या केसमध्ये अटक झाली. एवढी किंमत पडते इकडं बोललेल्या शब्दाला. तुमच्याकडं फार तर कॉफी थंड होते.

आता जरा घरात बघू. नाहीतर आमची माणसं टाळ्या वाजवून मोकळी होतील.

जयंतीच्या मांडवात कवीची काय किंमत असते? सात वाजता कार्यक्रम. साडेआठला पाहुणे येतात. मग हार. नगरसेवकाला हार, माजी नगरसेवकाला हार, होऊ घातलेल्याला हार, मंडळाच्या अध्यक्षाला, त्याच्या मेव्हण्याला. मग भाषणं. प्रत्येकजण 'दोनच शब्द' बोलतो आणि घड्याळाचा काटा एक फेरी मारतो. पावणेदहा वाजता मला खूण होते: घे तुझे कवी. सवलतीचे दिवस सोडले तर दहाला माईक बंद करायचा, पोलीस गाडी लावून उभे. आठ कवी, पंधरा मिनिटं. कॅफेनं निदान तीन मिनिटं तरी दिली होती! पनवेलहून भाडं खर्चून आलेला म्हातारा कवी स्टेजच्या पायरीवर वही उघडून बसलेला असतो आणि मागं ट्रकवर डीजेचे खोके चढत असतात. जलशाच्या पोटी जन्मलेली चळवळ आपल्या शाहिराला भाषण आणि डीजे ह्यांच्यामधल्या फटीत कोंबते. आणि वर्गणी? डीजेला आगाऊ रोख, कवीला शाल. कपाटात माझ्या अकरा शाली आहेत. एकीनंही लाईटबिल भरलं नाही.

बायांचं तर विचारूच नका. यादीत एक बाईचं नाव असतं, शेवटून दुसरं. "ताई, तुम्ही रमाईवरच म्हणा हं." का? तिला नवऱ्यावर म्हणायचंय, मुकादमावर म्हणायचंय, विहारातल्या कमिटीवर म्हणायचंय. आमच्या इथली एक भाजीवालीची पोरगी कमिटीवर कविता म्हणायला उठली तर तीन माणसांनी मला डोळ्यांनी खुणावलं, माईक घे. मी घेतला नाही. सहा महिने हॉलची चावी मिळाली नाही. आम्ही म्युनिसिपालिटीच्या बंद शाळेच्या ओट्यावर बसलो. डास होते, पण लोक वाढले.

आता चावी मिळते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी विहाराच्या हॉलमध्ये आमचं चालतं. मी यादी खिशात ठेवत नाही. खडूनं फळ्यावर लिहितो, ज्याला यायचं त्यानं येऊन आपलं नाव आपल्या हातानं लिहायचं. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं; एक मावशी कोंबडी काढते, मी पुकारतो, "कोंबडी!" आणि हॉल हसतो, आणि मावशी उठून जात्यावरची ओवी अशी काही म्हणते की हसणारे गप्प. घंटी नाही. कंटाळा आला की लोक खोकतात, तेवढं पुरतं. 'जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या' हे वाक्य मी बोलत नाही. टाळ्या मागून घ्यायच्या असतील तर भीक मागणं काय वाईट? हलगी आत येते. आजोबा उठून बाहेर जातात, व्हरांड्यात बसतात, हलगी थांबली की आत येतात. त्यांची खुर्ची कुणी घेत नाही.

भाडं, चहा, सतरंजी धुणं, सगळं धरून महिन्याला जे लागतं ते एका कॅफेतल्या सहा-सात तिकिटांत भागतं. म्हणून पैसे नाहीत हे कारण आमच्या मंडळांनी सांगू नये.

आणि मंडळांना माझं एकच विचारणं आहे. यंदा वर्गणीच्या पावत्या छापायला टाकायच्या आधी सांगा: जयंतीला कवींना किती वाजता उभं करणार? 'बघू', 'करू', 'तू आपलाच माणूस आहेस' असलं काही नको. वाजले किती ते सांगा. आणि आठ कवींच्या येण्याजाण्याचं भाडं कुठल्या खात्यातनं देणार तेही. मी फळ्यावर लिहून ठेवणार आहे, मंडळाच्या नावासकट.