कॅमेरा कशाकडे पाहतो?

स्वयंचलित कॅमेऱ्यांमुळे रस्ते सुरक्षित होतात काय, असे विचारण्यापूर्वी कॅमेरा काय टिपण्यासाठी उभा केला आहे, हे पाहावयास हवे. केरळने जून २०२३ मध्ये ७२६ कॅमेऱ्यांच्या आधारे दंडआकारणी सुरू केली. त्यांपैकी ६७५ कॅमेरे मुख्यतः हेल्मेट व सीटबेल्टसाठी होते. वेग मोजणारे अवघे ८.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या सदरात नोंदलेले आहेत. (हे सदर पोलिसांना सोयीचे असते, हे मान्य करूनही प्रमाण मोठेच राहते.) हेल्मेट स्वाराला वाचवते, यात शंका नाही. केरळातील अपघाती मृत्यू २०२३ मध्ये सुमारे ४,३०० वरून ४,१०० पर्यंत उतरले. त्यात कॅमेऱ्यांचा वाटा असणे शक्य आहे. परंतु पादचाऱ्याचे काय? त्याचा जीव दुसऱ्याच्या वेगावर अवलंबून असतो, आणि हेल्मेट टिपणारा कॅमेरा त्याच्या काही कामाचा नाही.

गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार माणूस शिक्षेच्या आकाराबरोबरच ती होण्याची शक्यताही जोखतो. चलन निघाले पण वसूल झाले नाही, तर ती शक्यता शून्याकडे जाते. वसुलीचा उद्देश महसूल असेल, तर कॅमेरा वर्दळीच्या चौकात लागतो. जीव वाचवणे असेल, तर महामार्गालगतच्या गावाच्या तोंडाशी. म्हणून कॅमेऱ्याच्या प्रस्तावासोबत त्या जागेवरील मागील तीन वर्षांच्या मृत्यूंचा तक्ता नसेल, तर ती फाईल वित्त विभागाने परत पाठवावी.