सही कोणाची?

पैसे चांगल्या कामालाच दिले, मग ती संस्था नातेवाईकाची असली तर बिघडलं कुठं? हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. व्हॅटिकनमध्येही आला. आंजेलो बेच्चू (पुढे कार्डिनल झाले) तिथल्या राज्य सचिवालयात वरिष्ठ पदावर असताना सचिवालयाचे 1,25,000 युरो सार्डिनियातल्या एका सेवाभावी सहकारी संस्थेसाठी गेले. संस्थेचा प्रमुख कोण? त्यांचा भाऊ. डिसेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयाने या आणि इतर प्रकरणांत त्यांना साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी आरोप नाकारले, अपील केलं.

माझ्या मते काम चांगलं की वाईट हा मुद्दाच नाही. मंजुरी कोणी दिली, हा आहे. आपला कोड आपणच तपासून पास करत नाही ना? तो चुकलेलाच असतो म्हणून नव्हे. आपल्याला आपली चूक दिसत नाही म्हणून.

चर्चला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. 1983 च्या धर्मसंहितेतलं 1298 वं कलम बघा. किरकोळ बाब सोडली, तर चर्चची मालमत्ता ती सांभाळणाऱ्यालाच, किंवा त्याच्या चुलत-मावस भावंडांपर्यंतच्या नातलगांना, विकायला वा भाड्याने द्यायला खास लेखी परवानगी लागते. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या कर्मचाऱ्यांना 40 युरोंपेक्षा महाग भेट घ्यायलाही बंदी केली.

पण कारकुनाने भेट परत करायची आणि साहेबांना "हे तुमचे कोण?" विचारायची कोणाची टाप नाही, असं असेल तर नियम कागदावरच राहणार. नातं आधीच सांगून सही दुसऱ्याकडे सोपवण्यात अपमान कसला? भाऊ खरंच चांगलं काम करत असेल, तर त्याचीही अब्रू त्यानेच वाचते.