बाग आणि वनस्पती उद्यान

सिंगापूरला जाणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी ऑर्किड पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. ऑर्किड सुंदरच आहेत. परंतु ऑर्चर्ड रोडच्या गजबजाटाजवळ १८५९ साली वसलेल्या तेथील वनस्पती उद्यानाचे खरे वैभव मला अन्यत्र दिसते.

१८७७ साली लंडनच्या क्यू उद्यानातून तेथे रबराची अवघी २२ रोपे आली. १८८८ मध्ये संचालक झालेल्या हेन्री रिडले यांनी झाड न मारता सालीला छेद देऊन वारंवार चीक काढण्याची रीत बसवली व मळेवाल्यांचा पिच्छा पुरवला. लोकांनी त्यांना वेडा ठरवले! पुढे मलायात रबराचे मळे पसरले. आपल्या शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांचा इतिहास या बागेतून जातो.

तेथील शुष्क वनस्पतिसंग्रहात साडेसात लाखांच्या आसपास नमुने आहेत. नमुन्यांना निश्चित नाव देण्याचे काम तेथे चालते. ही नामनिश्चिती वैद्यकाला परकी नाही. पिवळ्या कण्हेराची बी खाल्लेले मूल रात्री येते, तेव्हा आईच्या मुठीतले फळ ओळखणारा कोणीतरी हवा असतो. हृदयाची गती तोवर थांबत नाही.

आपल्या बडोद्यात सयाजीबाग आहे, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभागही आहे. बागेतील विषारी व औषधी झाडांवर मराठी, गुजराती आणि शास्त्रीय नावांच्या ठळक पाट्या असाव्यात, यासाठी आपल्या संस्थेने महानगरपालिकेकडे आग्रह धरावा. विभागातील जाणकारांचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक अपघात कक्षात लावावा. खर्च किरकोळ आहे. एका कारंज्याहून खचितच कमी.