स्नेह किती असावा?

गेल्या महिन्यांत वाईस ढोल्या गणपतीच्या दर्शनाचा योग आला. आमचा भाचा आपल्या वडिलांची जुनी फियाट घेऊन शिरवळास आमच्या दारीं उभा राहिला. गाडी १९६६ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली. पन्नाशी उलटलेल्या मोटारींस सरकारनें २०२१ सालच्या नियमांनीं 'व्हिंटेज' ही पदवी दिली आहे. तेव्हां ती आमच्याच पंक्तीची! भगिनी व मंडळी मागें, आम्ही पुढें, अशी स्वारी निघाली.

मास्तरकीची खोड जात नाहीं. खंडाळ्याकडे जातांना स्पीडोमीटरकडे पाहिलें. कांटा ४० वर होता. झाडें मात्र त्याहून वेगानें मागें पळत होतीं. आम्हीं मनगटावरचें घड्याळ धरून किलोमीटरचे दगड मोजले. दगडापासून दगडापर्यंत नेमके ६० सेकंद! ३६०० ला सेकंदांनीं भागिलें कीं ताशीं वेग निघतो. म्हणजे गाडी ६० नें धांवत होती. पुढें खंबाटकीचा घाट, मागें म्हातारीं माणसें, आणि ज्यावर सारथ्याचा विश्वास, तो कांटाच खोटी साक्ष देत होता. वाईस पोंचेपर्यंत आम्हीं गाडी हळू चालवावयास लावली व कांट्याकडे पाहणें सोडून दिलें.

"परवांच तार काढून भरपूर ऑईल घातलें आहे, मामा," भाचा म्हणाला. दोष तेथेंच होता.

हें यंत्र तसें साधें आहे. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकानें १९०२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. गिअरबॉक्सपासून निघालेली लवचिक तार नळींतून वर येते व गाडीच्या वेगाच्या प्रमाणांत फिरते. तिच्या टोंकाशीं लोहचुंबक व त्यास लागून ॲल्युमिनियमची वाटी असते. दोहोंचा स्पर्श होत नाहीं. तरी चुंबक फिरूं लागला कीं वाटींत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व ती त्याच्यामागें ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. ओढ व आवर यांचा तोल जेथें साधतो, तेथें कांटा थांबतो.

तार कोरडी पडली तर कांटा थरथरतो व करकर ऐकूं येते. उलट ती तेलानें माखली, तर पिळाची असल्यामुळें तेल मळसूत्राच्या रीतीनें वर चढतें, यंत्रांत शिरतें, आणि धुळीशीं मिळून आंस व स्प्रिंग चिकट करतें. मग कांटा मागें रेंगाळतो.

पुढल्या रविवारीं ओसरीवर मामा-भाचे कामास बसलों. नळीचा वरचा नट सोडून तार ओढून काढली, रॉकेलनें धुतली व फडक्यानें कोरडी केली. मग फरशीवर लोळवून पाहिली. बांक असलेली तार लोळतांना उसळते. ती टाकून नवीच घालावी. आमची सरळ निघाली. तिला ग्राफाईटच्या ग्रीसचा अगदीं पातळ हात दिला आणि यंत्राकडील वरचे ८ इंच पुसून कोरडे ठेविले. नळी बसवितांना तिचें वळण ६ इंचांच्या त्रिज्येहून लहान होणार नाहीं, इकडे लक्ष ठेविलें. यंत्रांत गेलेलें तेल मात्र आम्हीं घरीं काढलें नाहीं. ती स्प्रिंग वांकली कीं कांटा कायमचा खोटा होतो. म्हणून तें काम पुण्याच्या एका मीटर-कारागिरावर सोंपविलें. यंत्र परत आल्यावर पुन्हा दगड मोजले. ६० सेकंदांस कांटा ६० वर!

संस्कृतांत तेलास स्नेह म्हणतात आणि मायेसही. वडिलांच्या गाडीवरील मायेनेंच भाच्यानें तेल ओतलें होतें. माया खरी, पण प्रमाण चुकलें. ज्यानें आपणांस खरें सांगावयाचें, त्याला स्नेह हवाच. पण तो सत्याच्या आड येणार नाहीं इतकाच. चाळीस वर्षें मुलें शिकवून आम्हांस हें ठाऊक होतें असें वाटे. तरी आमच्याच घरीं नातवाच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही किती वेळां पांघरूण घातलें, हें त्या दिवशीं आठवल्यावांचून राहिलें नाहीं.

भाच्यानें आतां ग्रीसच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविलें आहे: 'वरचे ८ इंच कोरडे.'