गाळाचे वजन होते, तपासणी कधी?

काशीगाव, प्रतिनिधी

पावसाळा तोंडावर आला की महापालिकांच्या नालेसफाईचे आकडे झळकू लागतात. किती टन गाळ निघाला, किती टक्के काम झाले, ठेकेदाराला किती देयक अदा झाले, यावर सभागृहात खडाजंगी होते. मे २०२५ मध्ये मुंबईतील मिठी नदीच्या गाळउपशातील सुमारे ६५ कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराप्रकरणी आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला, तेव्हाही वाद रंगला तो गाळाच्या वजनाचा. त्या गाळात नेमके काय आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आरोग्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरपायथ्याला, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत वसलेल्या काशीगावसारख्या वस्त्यांना हा प्रश्न विशेष लागू पडतो. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी उतारावरून वस्तीत येते आणि नाल्यांवाटे खाडीकडे जाते. जंगलातून निघणारा ओढा स्वच्छ असतो. वस्ती ओलांडताना त्याचा नाला होतो. शेजारच्या दहिसर नदीचे उदाहरण बोलके आहे. तुळशी तलावाच्या परिसरातून निघणारी ही नदी उद्यानात खळाळत वाहते. बाहेर पडताच तबेल्यांचे शेण, झोपडवस्त्यांचे सांडपाणी आणि कचरा तिच्या पात्रात मिसळतो. मीरा-भाईंदर महापालिका २००२ मध्ये स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. घरे ज्या वेगाने उभी राहिली, त्या वेगाने मलवाहिन्या पडत नसतात, हा महामुंबईतील सर्वच उपनगरांचा अनुभव आहे.

निकष पाण्याला, गाळाला नाही

पाण्यात विष्ठा मिसळली आहे का, हे ओळखण्यासाठी विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू मोजले जातात. माणसाच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत ते मोठ्या संख्येने असतात. त्यांतील बहुतेक स्वतः निरुपद्रवी असले, तरी त्यांच्यासोबत टायफॉइड, हगवण, कावीळ यांचे जंतू असण्याची शक्यता असते. स्नानायोग्य पाण्यासाठी भारतात १०० मिलिलीटरमध्ये ५०० ही इष्ट आणि २५०० ही कमाल मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभमेळ्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालावरून वादळ उठले, ते याच निकषावरून. मात्र हे निकष पाण्यासाठी आहेत. तळाच्या गाळातील जिवाणूंसाठी त्यांत मर्यादा नाही.

येथेच गफलत होते. वाहत्या पाण्यात सूर्यप्रकाशामुळे आणि सूक्ष्म भक्षकांमुळे हे जिवाणू तुलनेने लवकर मरतात. मातीच्या कणांना चिकटून तळाशी गेलेल्यांना मात्र अंधार, अन्न आणि आश्रय मिळतो. जगभरच्या अभ्यासांत तळाच्या गाळातील त्यांची संख्या वरच्या पाण्याच्या दहापट ते हजारपटीपर्यंत आढळली आहे. साहजिकच, संथ पाण्याचा वरून घेतलेला नमुना समाधानकारक आला, तरी नाला सुरक्षित ठरत नाही. पहिल्या मुसळधार पावसात तळ ढवळला जातो आणि महिनोन्‌महिने साचलेले जिवाणू पुन्हा पाण्यात येतात. नेमक्या त्याच वेळी, भरतीमुळे खाडीत निचरा न झालेले पाणी तळमजल्यांवरील घरांत शिरते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. उष्ण प्रदेशांच्या मातीत हे जिवाणू तग धरून वाढूही शकतात, असे हवाई बेटांवरील संशोधनात आढळले आहे. म्हणजे गाळातील प्रत्येक जिवाणू ताज्या मैल्याचा पुरावा नसतो. शिवाय २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत पसरलेला लेप्टोस्पायरोसिस प्राण्यांच्या मूत्रातून येतो. कोलिफॉर्मच्या चाचणीत तो दिसत नाही. एका आकड्यावर सारी भिस्त ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

काठावरचा ढीग

नालेसफाईत काढलेला गाळ सुकावा म्हणून काही दिवस काठावरच ठेवण्याची पद्धत आहे. तेथून तो पादत्राणांना, वाहनांच्या चाकांना आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातांना लागतो. पाऊस आला तर पुन्हा नाल्यात जातो. सर्वाधिक धोका अर्थातच तो उपसणाऱ्या कामगारांना. गाळ हा राडारोडा नसून मैलामिश्रित पदार्थ आहे, हे मान्य केले तर झाकलेली वाहने, ठरावीक मुदतीत उचल, हातमोजे, गमबूट आणि लसीकरण या गोष्टी निविदेतील शोभेच्या अटी राहणार नाहीत.

तथापि, मुळावर घाव घातल्याशिवाय उपसा निरर्थक आहे. एखाद्या नाल्यात मैला येतो की नाही, हे कळण्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही. पाऊस थांबून काही महिने लोटल्यावर, मार्च-एप्रिलच्या उन्हात पावसाळी नाला भरून वाहत असेल, तर ते बहुतांशी सांडपाणीच होय. हा कोरड्या दिवसांतील प्रवाह अडवून मलवाहिनीत वळवणे, चाळी व सार्वजनिक शौचालयांच्या सेप्टिक टाक्यांचा नियमित उपसा करणे आणि तबेल्यांचे शेण नाल्याबाहेर रोखणे, हे तीन उपाय नवे नाहीत. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी निवळ दिसले तरी त्यात जिवाणूंची संख्या प्रचंड असते, हे गृहनिर्माण संस्थांनीही लक्षात ठेवावे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारले की प्रश्न मिटला, असेही नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेने प्रक्रिया केलेल्या पाण्यात १०० मिलिलीटरमागे १००० पेक्षा कमी कोलिफॉर्मची मर्यादा घातली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याहून कडक निकषांचा आग्रह धरला. सेंद्रिय भार घटला तरी निर्जंतुकीकरण नीट झाले नाही, तर जिवाणू खाडीत जाणारच. मुंबईत सात नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. परंतु घर ते केंद्र ही जोडणी अपुरी असेल, तर ती वाट नाल्यातूनच जाईल.

पाण्यासोबत गाळाचेही नमुने घेणे, ते पावसाळ्यापूर्वी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर घेणे आणि निष्कर्ष प्रभागनिहाय जाहीर करणे, एवढे महापालिकेला सहज शक्य आहे. नालेसफाईवर खर्च होणाऱ्या रकमेच्या तुलनेत हा खर्च किरकोळ ठरेल. गाळाचे वजन ठेकेदाराचे देयक ठरवते. त्याची तपासणी नाल्याकाठच्या मुलांचे आरोग्य ठरवू शकते.