केडगावचा छापखाना

दिवाळीचा आकाशकंदील मुलाने घरी केला की आपण चार शेजाऱ्यांना दाखवतो. तोच मुलगा श्रावणात कातर-कागद घेऊन बसला, तर ‘अभ्यास सोडून हे काय चालले आहे?’ म्हणून विचारणारेही आपणच! हाताचे काम फावल्या वेळचे, हा आपला जुना समज. तेव्हा यंदा विद्यार्थी वाचकांना (आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही) जरा केडगावला न्यावेसे वाटते.

पुण्याहून सोलापूरच्या गाडीने निघाले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली व बाया आणल्या. त्यांच्यासाठी इथे मुक्तिसदन उभे राहिले. लिहिणेवाचणे, शेती, विणकाम आणि जोडीला छापखाना.

रमाबाईंचा स्वतःचा छंद भाषांचा. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटले होते. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अख्खे बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणायला घेतले. दीड तप त्या कामी गेले. सोपी मराठी कशासाठी? वाचणाऱ्या, नुकती अक्षरओळख झालेल्या बाया. आणि खिळे जुळवणाऱ्याही त्यांच्यातल्याच!

संगणकावर वाढलेल्या मुलांना हे काम समजावून सांगायला हवे. शिशाचा खिळा, त्याच्या टोकावर उलटे अक्षर. काने, मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे. एकेक उचलून ओळ भरायची, मुद्रिते तपासायची, चुकलेला खिळा काढून दुसरा बसवायचा. छपाई झाली की सारे खिळे पुन्हा आपापल्या खणात. असे एवढे थोरले पुस्तक!

रमाबाईंच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळे झाली. १८९३ साली त्यांच्या शारदासदनातून पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवावा. परंतु आपण जुळवतो ती ओळ देवाचा शब्द आहे, अशी जिची भावना, ती वेलांटी निष्काळजीपणे कशी बसवील? मुलांनो, तुमच्या सुतारकामात, भरतकामात, चित्रांत इतके मन कशाने लागेल, ते तुम्हीच शोधायचे आहे. गुणपत्रिकेत त्याला रकाना नसतो.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्यांचे बायबल बाहेर पडले ते १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यातून.